बुडाशी जाड

बुडबुडा टाचणीच्या माथ्याएवढा होता, पण नेमका तिथे, जिथे निळं रेझिन संपून तुतीचं पिवळं लाकूड सुरू होत होतं. तिनं लेथ बंद केला, चष्मा कपाळावर चढवला, वाडग्याच्या पोटावरून नख फिरवून पाहिलं, नख कुठे अडकलं नाही – म्हणजे बुडबुडा आत होता, कातडीखालच्या गाठीसारखा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. राहू दे. आतल्या बुडबुड्याच्या मागे लागलं की त्याचा खड्डा होतो, एवढं शहाणपण तिनं चार वर्षांत आणि एकवीस वाडग्यांत कमावलं होतं.

हा बाविसावा. तिनं कॅलिपर लावला. काठाशी सात मिलिमीटर, पोटाशी सात, बुडाशी आठ. पुन्हा लावला. आठच. टिचकी मारली तर वाडगा वाजला – नुसतं ठक् नाही, त्यामागे बारीक, लांबट शेपूट असलेला आवाज… चांगल्या वाडग्याचा.

पण आई काल म्हणाली होती, बुडाशी जाड आहे.

"कुठे ग?"

"कुठे म्हणजे? बुडाशी. वाडग्याला बूड एकच असतं." आणि शेजारणीचं शेंबडं पोर परत करावं तसा वाडगा दोन्ही हातांनी लांब धरून, "लाकूड मुकं असतं म्हणून तुझं खपून जातं हो. कापड असतं तर ओरडलं असतं."

आई पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई म्हणून होती. तुरपाई तपासताना ती कापडाकडे बघायची नाही. डोळे खिडकीबाहेर, आणि अंगठा नि तर्जनी यांच्यामधून कड सरकत जायची, सरकत जायची, आणि थांबायची. "उसव." एवढंच. दोन पदरांच्या आतली दोऱ्याची गाठ त्या बोटांना सापडायची. घरी तेच. ताईच्या फ्रॉकवरून मात्र ती बोटं न थांबता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचली होती आणि आई म्हणाली होती, "जमलं." ताई तेव्हा बारा वर्षांची होती, आता साठीला आली, दुसऱ्या शहरात राहते, रविवारी फोन करते, तिला तो फ्रॉक आठवतसुद्धा नाही. आठवतो तो धाकटीला. धाकटीच्या वाट्याला आलं ते उसव. झबलं उसव, रुमाल उसव, भरतकाम उसव… पुढे लग्नही उसवलं, पण ते तिनं आपलं आपण, आईनं न सांगता. आयुष्यातलं तेवढं एकच स्वतंत्र काम म्हणायचं.

पन्नाशी ओलांडल्यावर मागच्या खोलीत लेथ आणून बसवला, पुस्तकं चाळली, व्हिडिओ पाहिले, आणि मनाच्या तळाशी, कुणाला न सांगण्यासारखी एक लबाड आशा ठेवली, की लाकडाला शिवण नसते. त्यात आईला उसवायला काय सापडणार?

सापडलं. काम तसं सरळ: दोन बाटल्यांतलं रेझिन वजनानं मोजून एकत्र करायचं, लाकडाच्या फटीत ओतायचं, दगड होईस्तोवर हात लावायचा नाही, मग तो ठोकळा लेथवर चढवून कातायचा. पहिल्याचं लाकूड ओलं होतं, रेझिनला साबणासारखा फेस आला. दुसऱ्यात तिनं अंदाजपंचे मिसळलं, ते महिनाभर चिकट राहिलं आणि घरातल्या सगळ्या माश्या त्याच्यावर सती गेल्या. तिसऱ्यात घाईनं सगळं एकदम ओतलं, ते आतल्या आत तापलं, धुरकटलं, आणि भर दुपारी हाड मोडावं तसा आवाज करून तडकलं. पाचवा हत्यार अडकून लेथवरून उडाला आणि ट्यूबलाइटला घेऊन खाली आला. सगळं तिनं एका वहीत लिहिलं – डाव्या बाजूला चूक, उजव्या बाजूला उपाय – आणि खरंच, लिहिलेली चूक परत झाली नाही. नवव्या वाडग्यापासून फेस नाही, चिकटपणा नाही, तडा नाही. नवव्या वाडग्यापासून वहीत एकच चूक आहे, पानामागून पान. चूक: बूड जाड. उपाय: अजून घेणे.

अजून घेतलं की काय होतं, ते लाकूड कातणाऱ्या कुणालाही विचारा. बूड आधी पुठ्ठ्यासारखं होतं, मग कागदासारखं, मग त्यातून दिव्याचा उजेड दिसायला लागतो – निळा, अतिशय सुंदर – आणि तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सात वाडगे असे गेले, ऐन बुडात कोटाच्या बटणाएवढं भोक पडून. बाकीचे इतके पातळ झाले की टेबलावर ठेवताना श्वास रोखायचा. पहिलं भोक पडल्याचं तिनं आईला सांगितलं तेव्हा आई पोट धरून हसली होती. "अगबाई! वाडगा सांगितला नि नरसाळं केलंस?"

कॅलिपर म्हणायचा आठ, आई म्हणायची जाड, आणि ती कॅलिपरवर चिडायची. दोनदा तर तिनं नवा आणला.

आज दहाला आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, साखरेच्या नेहमीच्या तपासणीला. आल्यावर मिलिमीटरभर घेऊ, असं ठरवून तिनं बाविसावा लेथवरच राहू दिला.

साखरेनं आईचे डोळे चार वर्षांपूर्वीच नेले होते. आता उजेड-अंधार तेवढा कळायचा. नवी डॉक्टरीण तरुण होती, हातमोजे घालून खुर्ची पुढे ओढून बसली. "आजी, डोळे मिटा. बोटाला कापूस लागला की 'हो' म्हणायचं."

"मिटून काय नि उघडून काय. आमच्याकडे दिवसरात्र एकच दुकान."

डॉक्टरीण हसली, पुढे वाकली, खुर्ची करकरली. "हो," आई म्हणाली. पुन्हा वाकली. करकर. "हो." तिसऱ्यांदा ती वाकली, पण कापूस वर हवेतच धरला, आईच्या बोटापासून चांगला वीतभर. "हो," आई म्हणाली, "लागला की." मग खुर्ची न हलवता तिनं कापसानं, आणि मग कापूस टाकून कसल्याशा टोकदार सळईनं, आईच्या दाही बोटांची टोकं एकामागून एक दाबली. आई ताठ बसून होती, तोंडावर थोडं हसू, वर्गाची वाट बघणाऱ्या बाईसारखं.

"काय ग, झोपलीस का?" आईनं डॉक्टरणीला विचारलं.

पडद्यापलीकडे डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "टोकांना काहीच कळत नाहीये. आजकालचं नाही हे, तीनेक वर्षं तरी झाली असतील. तुमच्या लक्षात नाही आलं? त्यांना स्वतःला तर माहीतच असणार. कप दोन्ही तळव्यांत धरत असतील बघा."

धरते. तीन वर्षं धरते. मी म्हणायचे, म्हातारपणी ऊब लागते हाताला…

परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. "पोरगी हुशार वाटली. पण हात किती गार ग तिचे!"

हातमोज्यांतले हात. बस एका चौकात बराच वेळ थांबली आणि तिच्या डोक्यात वहीची पानं आपोआप उलटायला लागली – नववा, दहावा, अकरावा, बूड जाड, बूड जाड – तीन वर्षं एका मेलेल्या बोटाच्या सांगण्यावरून ती चांगले वाडगे कोरत होती, आरपार जाईपर्यंत, आणि त्याला शिकणं म्हणत होती. बोटं गेली होती, पण बाईंनी नोकरी सोडली नव्हती. आणि कळत नसताना माणूस काय म्हणतं? 'जमलं' म्हणायला कळावं लागतं. 'उसव' आंधळेपणीही म्हणता येतं. हे इतकं सोपं होतं की तिला हसू फुटलं, आणि शेजारच्या बाकावरची बाई तिच्याकडे बघून उगीचच हसली.

राग यायला हवा होता. दयाही चालली असती. आला तो आनंद – काळा, चकचकीत, कधी नव्हे तो हातात आलेला.

घरी आल्यावर आई चहा घेऊन, कप तळव्यांत धरून, आरामखुर्चीत बसली. "दे बघू, केलास का कमी तो वाडगा?"

"आणते."

बाविसावा लेथवर तसाच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो तिथेच ठेवला. चांगला वाडगा त्या हातांत द्यायचा धीर आता होईना. फडताळाच्या खालच्या कप्प्यातून सतरावा काढला – भोकाचा. भोकाच्या कडेला रेझिनचा पातळ पापुद्रा होता, धारदार. तो मात्र तिनं कागदानं घासून मऊ केला. आईचं बोट कापू नये म्हणून. किती प्रेमळ मुलगी.

"हं," आई म्हणाली, आणि बोटं निघाली. काठावरून गोल, पोटावरून खाली, डोळे खिडकीकडे. तर्जनी उतरत उतरत बुडाशी आली, भोकाच्या कडेवर आली, भोकावरून गेली – अर्धं पेर आत बुडून बाहेर आलं, आणि आईच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही हलली नाही. लेकीनं श्वास रोखला होता.

"बुडाशी जाड," आई म्हणाली. "किती वेळा सांगायचं? हातात कला नसली तर निदान कान तरी असावा माणसाला."

"हो का?"

"हो का काय! रंध्यानं पोळपाट करायचीस तू."

आता सांगता आलं असतं. आई, भोक आहे तिथे. चार शब्द पुरे होते, आणि पस्तीस वर्षांच्या शिवणाच्या बाई तिथल्या तिथे उसवल्या असत्या, पदर ना पदर. शब्द जिभेवर आले, गोड लागले, आणि तेवढ्यात तिला आईची मान दिसली. मान एका बाजूला कललेली होती. कान पुढे. बोटं वाडग्यावर होती पण आई तिथे नव्हतीच. आई ऐकत होती… करकरणारी खुर्ची. आणि इथे खुर्ची कुठली? लेकीचा श्वास. बोट बुडाशी आलं की दर वेळी, तीन वर्षं, हिचा श्वास अडकत होता, कारण तिथेच हिला भीती होती, आणि आई तो अडकलेला श्वास उचलून हिलाच परत देत होती. जाड. म्हणजे वहीतली चूक आईनं लिहिलीच नव्हती?

"हा दुसरा बघ," ती म्हणाली, आणि वाडगा काढून घेऊन, दोन पावलं जाऊन आली, आणि तोच पुन्हा हातात दिला.

या वेळी बोट काठावर असतानाच तिनं मुद्दाम, अगदी हलकेच, दातांतून श्वास आत ओढला.

बोट थांबलं. "काठाशी… काठाशी खरखर आहे ग."

काठ काचेसारखा होता.

तिला वाटलं आपण थांबू. आईच्या कपाळावर घाम होता – अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, परीक्षेला बसवलेली, आणि प्रश्नपत्रिका कोरी. असंच बसली असणार दर वेळी. मी वाडगा घेऊन आले की परीक्षा हिची होत असणार, आणि मी समजत होते ती माझीच होते… पण हात वाडगा काढून घेतच होते, पावलं दोन जाऊन परत येतच होती.

"किती काढतेस आज?" आई म्हणाली. "दमले मी."

"हा शेवटचा."

ती आईच्या पायाशी, अगदी जवळ बसली, श्वास नीट कानावर पडेल अशी. आणि श्वास घेऊ लागली – संथ, एकसारखा, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. आयुष्यात आईसमोर एकदाही घेतला नव्हता तसा. बोटं काठावरून गोल गेली. पोटावरून उतरली. मान कललेली, कान पुढे. बोट भोकाशी आलं, आत गेलं, बाहेर आलं. श्वास चालू. बोट थबकलं, काहीतरी शोधत राहिलं, सापडेना. आईचे ओठ दोनदा उघडले, मिटले, आणि मग तिच्या खांद्यांवरून कुणी ओझं उतरवावं तसे खांदे खाली आले.

"जमलं," आई म्हणाली. "अगं… जमलं की तुला."

खोटं होतं. तिनंच बनवलेलं होतं, मोजून मिसळून, मऊ घासून. हे सगळं तिला लख्ख ठाऊक होतं, आणि तरीही छातीत काहीतरी पसरत चाललं, ऊबदार, निर्लज्ज, थांबवता न येणारं; डोळे भरले; आणि आईच्या कोरड्या, बधिर हातावर गाल टेकावा असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी ते बोट धरून भोकात घालावं आणि ओरडावं असंही वाटलं, आणि दोन्ही वाटणं एकाच जागी, एकाच मापाची होती. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही.

"काय म्हणालीस?" तिनं विचारलं. "नीट ऐकू नाही आलं."

आणि आईची मान पुन्हा कलते आहे हे दिसताच, ती श्वास संथ करायला लागली.