आठ जणांचं टेबल

सुट्टीतल्या सफरीसाठी जहाज निवडायचं काम तिच्या गळ्यात पडलं, कारण नवऱ्याने सरळ अंग काढून घेतलं. "तूच बघ," तो म्हणाला. "माझी अट एकच. तिथे कोणी माझ्याशी बोलायला येता कामा नये." आणि एक बूट पायात, एक हातात, अशा अवस्थेत तो खुर्चीतच पेंगायला लागला.

त्याचंही चुकत नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात तो तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. नळ कोरडा पडो नाहीतर बिल फुगो, येणारा माणूस आधी त्याच्यावर तोंडसुख घेणार आणि मग कागद काढणार. ऐकून ऐकून त्याचे कान किटलेले असत. घरी आल्यावर तो टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा.

आणि ती दिवसभर मुंगीबरोबर. मुंगी म्हणजे त्यांची सव्वा वर्षाची लेक. जमिनीवर सांडलेला कण न् कण वेचून तोंडात घालायची, म्हणून मुंगी. तिला बोलता येत होतं ते मोजकं. "दे", "नको" आणि मधूनच काहीतरी स्वतःच्या भाषेतलं. सकाळी नवरा गेल्यापासून संध्याकाळी येईपर्यंत घरात जे संभाषण व्हायचं ते एवढ्यावर. बदली होऊन या गावात आल्याला वर्ष होत आलं, पण शेजारचं दार उघडायचं ते कुलूप लावण्यापुरतं. दुपारी मुंगी झोपली की ती कधी कधी भांडी विसळताना मोठ्याने बोलायची, "चला, झालं हे एक." मग आपलाच आवाज ऐकून तिला कसंतरी व्हायचं.

जहाजाच्या निमित्ताने मात्र तिला दुपारचं एक ठिकाण मिळालं. मोठ्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाशेजारी, प्रवासाच्या बुकिंगचं ऑफिस होतं. आत एक टेबल, एक कुंडी आणि एक बुकिंगवाल्या बाई. बाईंनी पहिल्याच दिवशी बाबागाडी आत घेता यावी म्हणून खुर्च्या सरकवल्या आणि दोन कंपन्यांची पत्रकं तिच्यापुढे ठेवली.

"हे लहान जहाज," बाई म्हणाल्या. "गर्दी नाही, गोंगाट नाही. प्रत्येक खोलीला गॅलरी. जेवण म्हणाल तर खोलीत आणून देतात. माणूस दिसायला नको असेल तर आठवडाभर दिसणार नाही."

हे तर नवऱ्याच्या मापाचंच बेतलेलं होतं. तिने दुसऱ्या पत्रकाकडे बोट दाखवलं.

"ते मोठं. जत्राच म्हणा ना. घसरगुंड्या, गाणीबजावणी, पाळणाघर. फक्त रात्रीच्या जेवणाची जुनी पद्धत अजून धरून बसलेत. आठ जणांचं टेबल असतं आणि तुमची जागा आधीच ठरवून देतात. घरची माणसं कमी पडली तर परक्यांबरोबर बसवतात."

"रोज वेगळे लोक?"

"छे, रोज तेच. शेवटपर्यंत. वाढणारासुद्धा तोच. पुष्कळ जण नाक मुरडतात. सुट्टीवर जायचं आणि ओळख ना पाळख, त्यांच्याशी हसत बसायचं. बरं, एक दिवस दांडी मारायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सगळं टेबल विचारतं, काल का नव्हता आलात?"

बाईंनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं. तिच्या मनात मात्र ते वेगळ्याच सुरात शिरलं. काल का नव्हता आलात. घरी जाताना ती बाबागाडी ढकलत रस्त्याच्या कडेकडेने चालत होती आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती. आपण एखाद्या दिवशी दिसलो नाही, तर ज्याच्या ध्यानात येईल असं या गावात कोण आहे, याचा तिने विचार करून पाहिला. दूधवाल्याला पिशवी उचललेली दिसली नसती. बस्स.

त्या दुपारीच तिचं ठरलं. तरीही ती रोज ऑफिसात जात राहिली. लहान जहाज जास्त हलतं का, डॉक्टर कुठल्या जहाजावर चोवीस तास असतो, बाळाच्या मापाचं तरंगणारं जाकीट कोण देतं, गॅलरीच्या कठड्यातून मूल जाईल का. बाई एकेकाचं उत्तर फोन लावून मिळवत. "कठड्याला सगळीकडून काच आहे हो," त्या म्हणाल्या. "मुंगी जाऊ दे, मुंगीचा मोजासुद्धा जाणार नाही." ती हसली. कितीतरी दिवसांनी कोणासमोर तरी हसली.

पण नवऱ्याला हे सांगणार कसं? वर्षभरात पहिल्यांदा त्याला सलग सुट्टी मिळत होती. पहिल्यांदा तो दिवसाउजेडी तिच्या वाट्याला येणार होता. आणि त्याला म्हणायचं, की मला तू आहेस, पण आणखी सहा जण हवेत?

म्हणून तिने भीती पुढे केली. तिच्या भीतीवर कोणी कधी शंका घेत नसे. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती मुंगीला देत नसे, आणि झोपलेल्या मुंगीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. फोनवर ताई तर चिडवायचीच. "तू आणि समुद्र? बादलीत पाणी जास्त भरलं तर तुझा जीव वरखाली होतो." "जाऊन दाखवते की नाही बघ," ती म्हणाली होती. "दाखव बाई," ताई म्हणाली, "पण त्या कप्तानाला जरा झोपू दे, सारखं दार वाजवू नकोस." आणि मग नेहमीप्रमाणे ताईच्या घरात कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी नवऱ्यापुढे ताट ठेवता ठेवता तिने सुरुवात केली. लहान जहाजाच्या गॅलरीची भीती वाटते. ते हलतंही जास्त म्हणे. डॉक्टरचंही तिथे नीट नाही. काचेचं ती बोलली नाही. नवरा जेवायचा थांबून ऐकत होता, खिडकीवर ऐकायचा तसा. शेवटी त्याने सवयीने सगळं परत म्हणून दाखवलं. "म्हणजे कठडा, हलणं आणि डॉक्टर. बरोबर?" "बरोबर," ती म्हणाली. मोठं जहाज हे शब्द आता त्याच्याच तोंडून निघतील, म्हणून ती वाट बघत राहिली. तो "बघू" म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो चक्क शीळ घालत. मुंगीला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. बाईंना फोन करून सांगून टाकलं, जहाजबिहाज रद्द."

ती टॉवेलच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच राहिली.

"रद्द का?"

"अगं, तू आठवडाभर कठड्याला चिकटून उभी राहणार. ती कसली सुट्टी? सुट्टी मी घेतोच आहे. घरीच राहू. दार लावून घ्यायचं, फोन बंद. तिघंच. चौथं माणूस दिसायला नको."

त्याचा चेहरा अगदी खूश होता. त्याने हे तिच्यासाठीच केलं होतं. तिने मांडलेली तक्रार त्याने मनापासून ऐकली होती, आणि त्याच्या परीने मुळापासून निकालात काढली होती. आता ती गप्प बसली, तर आठवडाभर हेच घर, हेच टॉवेल आणि आवाज बंद केलेला टीव्ही.

"मला ते मोठं जहाज हवंय," ती म्हणाली. "जेवायला लोकांबरोबर बसवतात ते."

"कुठल्या लोकांबरोबर?"

"कुठल्याही."

तो हसला. ती थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं. मग तो हसायचा थांबला. "आणि कठडा?"

"काचेचा आहे. बाईंनी सांगितलं होतं मला."

"म्हणजे भीती नव्हतीच?"

"भीती असतेच रे. पण हे त्या भीतीपायी नव्हतं."

मुंगी त्याचा कान ओढत होती. त्याने तिला खाली ठेवलं. "घरी मी असतो ना," तो हळूच म्हणाला.

"असतोस," ती म्हणाली. टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं. पण शब्द बाहेर पडला तो तसाच.

त्याने घडी घातलेला एक टॉवेल उचलून पुन्हा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "काय बोलणार आहेस तू त्यांच्याशी?"

याचा तिने विचार केला नव्हता. "काहीही. ते म्हणतील, आज वारा फार होता. मी म्हणेन, हो ना, आमच्या मुलीची टोपी उडाली. ते म्हणतील, अरेरे, मग सापडली का? मग मी सांगेन."

"हे तू मलाही सांगू शकतेस."

"सांगते की. तू हं म्हणतोस."

त्याच्या ओठांवर आत्ताही तेच आलं होतं. त्याने ते गिळलं, हे तिला दिसलं. त्याने दिवसभर किती जणांना काय काय म्हटलं असेल. संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ उरत असेल तर एवढा एक हुंकारच.

"असं करू," तो शेवटी म्हणाला. त्याचा सूर खिडकीवरचा झाला होता, दोन्ही बाजूंचं समाधान करायचा. "मोठ्याच जहाजाने जाऊ. तू जा त्या टेबलावर रोज. मी मुंगीला घेऊन खोलीत जेवतो. मला माणसं नकोत, तुला हवीत. भांडणच नको."

आपण नको म्हणावं, तूही चल म्हणावं, असं तिला वाटलं. पण परक्या लोकांच्या बोलण्यात खोटं हसत बसलेला तो तिच्या डोळ्यांसमोर आला. "चालेल," ती म्हणाली. दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दुपारी बुकिंगवाल्या बाईंनी खुर्च्या सरकवून बाबागाडी आत घेतली. "मला वाटलं, आता काही तुम्ही येत नाही," त्या म्हणाल्या. "फोनवर साहेबांनी भीतीचं सांगितलं."

"गेली भीती," ती म्हणाली. "मोठं जहाज करा. आणि टेबलावर एकच जागा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठी माणसं दोन आहात ना?"

"ते खोलीत जेवतील. मुलीबरोबर."

बाई टाइप करायला लागल्या. "दाराजवळचं टेबल हवं की आतलं?"

"कुठलंही. फक्त दोन्ही बाजूंना माणसं असतील अशी जागा बघा."

"टेबल गोल असतं हो. कुठेही बसलात तरी दोन्हीकडे कोणी ना कोणी असणारच." बाईंची बोटं जराशी थांबली. "मग साहेबांची खुर्ची मी दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकते हं?"

"कोणाला?"

"ते आत्ता कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "एकटं येणारं कोणीतरी असतंच."

तिने मान हलवली. बाईंनी बटण दाबलं.