डोमकावळ्यांना आकडे येतात

सान नदीच्या काठी गरुडाला फसवणं सोपं होतं, डोमकावळ्यांना फसवणं महाकठीण. गरुडाला माणसं मोजता येत नाहीत. दोन माणसं फोटो काढायला गोणपाटाच्या लपणात शिरली आणि एक बाहेर पडलं, की त्याच्या लेखी लपण रिकामं. डोमकावळ्याचं तसं नाही. तो उरलेलं माणूस बाहेर येईपर्यंत समोरच्या वाळुंजाच्या झाडाच्या शेंड्यावर बसतो आणि सगळ्या खोऱ्याला ओरडून सांगतो, की आत कुणीतरी आहे हो, आत कुणीतरी आहे. अठरा दिवस त्यांनी हेच केलं होतं, आणि अठरा दिवस पांढऱ्या शेपटीचा तो गरुड लांबूनच वळून गेला होता.

त्या गरुडाचा फोटो हाल्श्काला हवा होता. एकोणिसाव्या सकाळी तिच्या नवऱ्याने, वितने, युक्ती काढली. दोघं उजाडताना आली. ती मेंढीच्या कातड्याचं जाकीट घालून लपणात बसली. तिचा लाल कोट आणि टोपी वितने फांद्यांच्या एका सांगाड्यावर चढवली, सांगाडा काखेत धरला आणि बायकोशी गप्पा मारत निघाल्यासारखा तो बर्फातून परत गेला. जाण्याआधी त्याने लपणाचं गोणपाट बाहेरून दोरीने घट्ट आवळलं. वाऱ्याने कापड फडफडलं, तर सगळं मुसळ केरात.

"चारला येतो सोडवायला. त्याआधी हलू नकोस," तो म्हणाला होता.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या काळी थंडी थंडीसारखी पडायची. वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं असल्यामुळे तेवढ्या टप्प्यात नदी गोठत नसे. सगळीकडे पांढरं आणि मधून हे काळं पाणी वाफाळत वाहतंय. पुढे हाल्श्काने पुष्कळ नद्या पाहिल्या, पण तशी वाफ तिला पुन्हा दिसली नाही.

तर ती आत बसली. गुडघे छातीशी, झेनिट कॅमेरा तिकाटण्यावर, भिंगाची नळी गोणपाटाच्या भोकातून बाहेर. पाय पसरता येत नव्हते, खोकता येत नव्हतं. लपणात बसणाऱ्याला नाक शिंकरायचीही चोरी. पण डोमकावळे गप्प होते! दोन आली, दोन गेली, हिशोब जुळला. हाल्श्का मनात म्हणाली, आज येणार तो.

दहाच्या सुमाराला आले ते दोन म्हातारे.

एक तिचा सासरा, गेर्वाझी. दुसरा त्याचा जन्माचा जोडीदार कोस्मा, एका डोळ्याने अधू आणि तोंडाने फाटका. दोघांच्या हातात गळाच्या लांब काठ्या, टोपीला पिसांपासून बांधलेल्या खोट्या माश्या टोचलेल्या. लपणापासून वीस पावलांवर ते पाण्यात उतरले, मांडीपर्यंत. डोमकावळे उडाले. हाल्श्काने दात खाल्ले. हाक मारावी, तर एकोणीस दिवसांची मेहनत पाण्यात. घटकाभराने कंटाळून जातील, असं म्हणून ती तशीच बसून राहिली.

"अरे, पोरगी इथंच बसते ना फोटो काढायला?" कोस्मा म्हणाला.

"आज नाही. पुलावरून बघितलं मी मघाशी. दोघं परत घरी गेली, हा एवढा लाल कोट तिचा."

"थंडीला भ्याली असेल."

"ती? ती भिते होय कशाला! माझा वित भितो."

दोघं हसले. गेर्वाझीने दोर डोक्यावरून मागे नेला, पुढे सोडला. माशी पाण्यावर अशी उतरली, की पाण्यालाही कळलं नसेल. हाल्श्का भिंगातून बघत होती. या माणसाच्या हाताची तिला भूल पडली होती ती लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून. लिपियेन मासा हिवाळ्यात आळसावलेला असतो. त्याच्या अगदी तोंडापुढून माशी गेली, तरच तो वर येतो. गेर्वाझी ती तशी नेत असे. चार-सहा वेळा दोर फेकला, की काठीच्या कड्यांत पाणी गोठे. मग तो काठीचं टोक तोंडात धरून बर्फ वितळवी.

आताही त्याने ते तोंडात धरलं.

"चोख, चोख!" कोस्मा ओरडला. "क्राकूवच्या लोकांना तेच आवडलंय म्हणे. काठी चोखणारा म्हातारा!"

हाल्श्काने भिंगावरचा डोळा काढला आणि कान गोणपाटाला लावला.

क्राकूव शहरी ती तीन महिन्यांपूर्वी एकदाच गेली होती. तिथल्या एका संग्रहालयात नदीच्या आणि पक्ष्यांच्या फोटोंसाठी माणूस हवा होता. तिने बारा फोटो दिले होते. अकरा पक्ष्यांचे, एक सासऱ्याचा. त्यानंतर रोज टपालाची वाट पाहिली. डिसेंबर गेला, नाताळ गेला. नसेल आवडलं, असं म्हणून तिने मन आवरून ठेवलं होतं.

गेर्वाझीने हातमोजा काढला, आतल्या खिशातून एक पाकीट बाहेर काढलं. चार घड्या पडलेलं.

"वाच की पुन्हा," कोस्मा म्हणाला.

"किती वेळा?"

"मला एकाच डोळ्याने दिसतं, एकदा ऐकून भागत नाही."

गेर्वाझीने खाकरून घसा साफ केला आणि मांडीभर पाण्यात उभं राहून पत्र वाचलं. चर्चमध्ये वाचतात तशा आवाजात. "'बर्फात गळ टाकणाऱ्या वृद्धाचं आपलं छायाचित्र पाहून आमचे सर्व सदस्य थक्क झाले.' थक्क, बघ! 'आपली नेमणूक करण्यास आम्हाला आनंद वाटतो. होकार शनिवार, एकवीस जानेवारीपर्यंत कळवावा. न कळवल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल.'"

"आज गुरुवार," कोस्मा म्हणाला.

"माहितीय मला आज काय आहे ते."

"आणि शनिवारनंतर?"

"शनिवारनंतर देईन तिला. म्हणेन, टपाल उशिरा आलं, बर्फामुळे."

"लेका, तुझ्या थोबाडामुळे तिला नोकरी मिळाली आणि तूच—"

"मी नाही!" गेर्वाझीचा आवाज चढला. "मी उघडलंसुद्धा नव्हतं. वितने दहा दिवसांपूर्वी आणून दिलं. फोडलेलं होतं. म्हणाला, बाबा, एवढं शनिवारपर्यंत तुमच्याजवळ ठेवा, घरात ठेवलं तर तिला सापडेल. आता पोटच्या पोराला काय सांगू? मला का बायको आहे घरात चूल पेटवायला? ती गेली, की तो जाईल तिच्या मागे. मग मी आणि मांजर."

कोस्माने आपला दोर गुंडाळून घेतला. मग म्हणाला, "मांजर तरी मासे खाईल."

हाल्श्का गोठून बसली होती. थंडीचं आता तिला काहीच वाटत नव्हतं. सासऱ्याचा राग यावा तसा आला नाही. तिच्या डोक्यात फक्त सकाळचा वित होता. कोटाची बटणं लावणारा, सांगाड्याच्या कानात काहीतरी कुजबुजून तिला हसवणारा, दोरीला तीन-तीन गाठी मारणारा. चारला येतो सोडवायला. अठरा दिवस तो तिला इथे आणून बसवत होता, आणि त्यातले कमीत कमी आठ-दहा दिवस ते पत्र गावात होतं.

तिने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. गावातलं पोस्ट एक वाजता बंद होई, शुक्रवारी पोस्ट सांभाळणाऱ्या ओतिलियाबाई जिल्ह्याच्या ठिकाणी जात, शनिवारची तार शनिवारी पोचेल याचा भरवसा नाही. म्हणजे आजच, आणि आत्ताच. नाहीतर गप्प बसायचं. चारला नवरा येईल, हात धरून बाहेर काढेल, घरी जाऊन सूप करायचं. शनिवार जाईल, रविवार येईल. आपण काही ऐकलंच नाही. कितीतरी बायकांचं आयुष्य असं निघून जातं आणि वाईटही जात नाही. तिची आई तशीच राहिली होती, आणि गात असे स्वयंपाक करताना.

हे सगळं तिने नीट, क्रमाने मनात आणून पाहिलं. मग पाव कापायची सुरी काढली.

गोणपाट ओलं होऊन गोठलं होतं, कापता कापेना. सुरी दोन्ही हातांनी धरून तिने ते वरपासून खालपर्यंत फाडलं. बाहेर यायला गेली, तर पायांत जीवच नव्हता. ती रांगतच बर्फात आली.

कोस्माने क्रूसाची खूण केली. "येशू, मारिया! अस्वल!"

"अस्वल नाही, सून आहे," गेर्वाझी म्हणाला, आणि मग त्याने हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "तू... तू घरी गेलीस. मी पाहिलं. दोघं गेली."

"डोमकावळ्यांनीही तेच पाहिलं, बाबा. द्या ते इकडे."

"कधीपासून आहेस आत?"

"मी कशाला भीत नाही म्हणालात, त्याच्याही आधीपासून."

तो पाण्यातून हळूहळू काठाला आला. पाकीट पुढे केलं, पण बोटांतून सोडलं नाही. दोघांनी ते दोन्हीकडून धरलेलं.

"फोटो खरंच चांगला आहे का गं?" त्याने विचारलं. "मला कुणी दाखवलाच नाही."

"सगळ्यात चांगला आहे."

मग त्याने सोडलं.

ती पोस्टात पोचली तेव्हा ओतिलियाबाई कुलूप शोधत होत्या. "एवढ्या थंडीत कोट कुठे गं तुझा? आणि तार? कोण गेलं?" तारेत असं कुणी गेल्याशिवाय काही नसे त्या गावात. हाल्श्काने लिहिलं, सोमवारी रुजू होते. ओतिलियाबाईंनी दोनदा वाचलं, तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि काही न विचारता तार ठोकली.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच होती, म्हणून ती घरी गेली. जाणार कुठे? चूल पेटवली, बीटाचं सूप टाकलं. गेर्वाझी येऊन टेबलाच्या कोपऱ्याशी बसला आणि त्याने मांजराला मांडीवर घेतलं.

साडेचारला वित आला. एका हातावर तिचा कोट, दुसऱ्या हातात फाटलेलं गोणपाट. त्याने बापाकडे पाहिलं, मग टेबलावर उघडं पडलेलं पत्र पाहिलं. गोणपाट दाराशी ठेवलं आणि टोपी न काढताच खाली बसला.

"मला वाटलं होतं, उन्हाळ्यापर्यंत विसरशील," तो म्हणाला.

"तार केली मी. उद्याच्या गाडीने जाते."

"विचारलंस कुणाला?"

"तू विचारलंस?"

"मी नाही. पण क्राकूवला फोटो देऊन आलीस तेव्हाही तू सांगितलं नव्हतंस, हाल्श्का. बहिणीकडे जाते म्हणालीस. मला पत्र फोडल्यावर कळलं. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. एकट्या बाईला राहायला खोली देऊ, असं लिहिलंय."

ती पळी हातात धरून उभी राहिली. हे खरं होतं. या तीन महिन्यांत तिने मनातल्या मनात क्राकूवची खोली कितीदा लावली होती. खिडकीशी टेबल, पलीकडे फोटो धुवायचा अंधारा कोपरा. पलंग एकच. तिने तो कधी मोठा केला नव्हता.

"आता विचारते," ती म्हणाली. "येतोस?"

वितने बापाकडे पाहिलं. गेर्वाझी पुढ्यात वाढलेल्या सूपकडे बघत होता, चमचा हवेतच.

"माझ्याकडे बघू नका कुणी," म्हातारा म्हणाला. "मी जेवतोय."

पण तो जेवत नव्हता. वित टेबलाच्या मधोमध बसला होता. एका बाजूला बाप, एका बाजूला बायको, पाठीमागे भिंत. तो एवढासा दिसू लागला होता. हाल्श्काने उरलेल्या दोन ताटल्या भरल्या आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसली. तिला घाई नव्हती; गाडी सकाळी सहाला होती.