टिकलीएवढी जागा

मित्रांनो, मी एक जुना अँगल आहे. ॲल्युमिनियमचा, काटकोनात वळलेला, वीतभर लांबीचा. इंग्रजी बोलणारे मला ब्रॅकेट म्हणतात, पण आमच्या बोरिवलीच्या चाळीत एवढं तोंड वाकडं करायला कुणाला वेळ आहे? सध्या मी एका आरशाखालची फळी पेलून उभा आहे. फळीवरची पावडर, कंगवा, तेलाची बाटली सगळ्यांना दिसते. मी कुणाला दिसत नाही. पण एके काळी माझ्या अंगावर लखलखीत सोनेरी रंग होता आणि माझ्या जिवावर एक रोबो चालत होता, हे तुम्हाला सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. खिडकी तयार झाली आणि मी तुकडा म्हणून उरलो. भंगारातच जायचो, पण सुगंधाने मला उचललं. ती अंधेरीच्या एका कारखान्यात टेपरेकॉर्डर जोडायची. नवरा वारल्यावर धाकट्या भावाकडे, काशीरामकडे, राहायला आलेली. संध्याकाळी घरी आली की भाजी निवडता निवडता तिचे डोळे तारांकडे आणि मोटरींकडे वळायचे. काशीरामची बायको जानकी म्हणायची, "वन्सं, तुमच्या पिशवीत एक दिवस कांदे सापडले तर मी पेढे वाटीन."

सुगंधाला रोबो करायचा होता. सांगाडा लोखंडी पट्ट्यांचा, अंग वनस्पती तुपाच्या डब्याचं, मोटर एका जुन्या गाडीच्या वायपरची आणि वीज स्कूटरच्या बॅटरीची. मोटर सांगाड्याला धरून ठेवायचं काम माझं. शिवाय दुसरंही एक काम होतं, आणि तेच पुढे महत्त्वाचं ठरलं. मोटरमधून निघालेली वीज माझ्या अंगातून सांगाड्यात जायची आणि तिथून बॅटरीत परतायची. त्यासाठी वेगळी तार नव्हती. मीच तार होतो.

जानकीने रोबोचं नाव ठेवलं चंदर. काशीराम हसून म्हणाला, "ताई, हा चालला तर झकास, नाही तर चाळीत आपली वाट लागली!" पण चंदर चालला. समोर कुणाचा गुडघा लागला की थांबायचा, डोक्यावरचं बटण दाबलं की पुढे निघायचा. हातात ताट दिलं की मोठ्या तोऱ्यात मिरवायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना तिळगूळ चंदरच वाटणार, असं ठरलं.

आता हळदीकुंकवाचं सांगायला हवं. त्या दिवशी पुरुषमंडळी बाहेर जातात आणि घरभर सवाष्णी जमतात. सुगंधा मात्र दरवर्षी स्वयंपाकघराच्या पडद्याआड बसायची. तिला आत बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि बाहेर ये म्हणूनही शेजारपाजारचं कुणी म्हणालं नव्हतं. जानकी तेवढी म्हणायची. त्या वर्षीही म्हणाली, "वन्सं, यंदा बाहेर बसा ना. चंदर तुम्ही केलाय."

"चंदर येईल ना बाहेर. तो आला म्हणजे मी आलेच."

मला ते बोलणं आवडलं नाही. तिच्या जागी जायचं ओझं आमच्यावर का?

पण त्यामुळेच की काय, माझ्या रूपाची तिला फार काळजी. मी उघडा होतो तेव्हा हात लावला की बोटं काळी व्हायची, आणि दमट खाऱ्या हवेने अंगावर पांढरट डाग उठायचे. मग जानकीच्या हौसेखातर मला लाल ऑइलपेंट फासला. भोकं अर्धी बुजली आणि स्क्रू आवळताच रंगाचे पापुद्रे निघाले. तो खरवडून मला चाकावर घासून चकचकीत केलं. चकाकलो खरा, पण दोन दिवसांत अंगभर बोटांचे ठसे उमटले. शेवटी सुगंधा मला घेऊन मुलुंडला गेली. तिथे एका कारखान्यात ॲनोडाइज करून देत. आम्लाच्या पाण्यात बुडवून वीज सोडतात, मग रंगात बुचकळतात, मग उकळतात. रंग वरून फासलेला राहत नाही, कातडीतच मुरतो.

कारखानदाराने नमुने पुढे ठेवले. काळा, निळा, डाळिंबी, सोनेरी. सुगंधा किती तरी वेळ बघत राहिली. स्वतःसाठी फिकट साड्यांपलीकडे तिने कित्येक वर्षांत रंग निवडला नव्हता. मग तिने सोनेरीवर बोट ठेवलं.

"घरात लग्न आहे वाटतं?" कारखानदाराने विचारलं.

"हळदीकुंकू आहे," ती म्हणाली, आणि लाजली. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं.

घरी आल्यावर मला पुन्हा बसवलं, बटण दाबलं, चंदर चालला. सगळे खूश. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून निसटली. माझ्या त्या सुंदर सोनेरी कातडीतून वीज जातच नाही! मोटरच्या बाजूच्या स्क्रूखालचा दातेरी वायसर कातडीत रुतला होता, त्यामुळे तिथून वीज जात होती. पण सांगाड्याच्या बाजूला स्क्रू आवळताना जरासा ओरखडा उठला होता, तेवढ्यावरच सगळा कारभार चालला होता.

हळदीकुंकवाला खोली गच्च भरली. चंदर ताट घेऊन निघाला तशा बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पहिल्या काही जणींनी तिळगूळ घेतला. धक्के बसून बसून माझा स्क्रू सैल होत होता. खोलीच्या मधोमध तो ओरखडा सुटला आणि चंदर जागच्या जागी गप्प झाला.

"अगो बाय, ह्येका काय झाला?" शेवंतीकाकू म्हणाल्या. त्या चाळीत सगळ्यांत वडील. त्यांच्या पुढ्यात कुणी मोठ्याने बोलत नसे.

जानकीने बटण दाबलं, बॅटरीची तार हलवली. काही नाही. कोपऱ्यात कुणी तरी खुदकन हसलं. जानकीने पडद्याकडे पाहून हाक मारली, "वन्सं, मला नाही जमत. तुम्हीच या."

पडदा हलला नाही. आत सुगंधा उभी होती की बसली होती, मला कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आपण इथेच मेलो तर ती कायमची पडद्याआड राहील. लोखंडाला घाम फुटत नाही म्हणतात. ॲल्युमिनियमचं मी सांगत नाही.

मग ती आली. हातात पाना आणि पॉलिशपेपर. कुणाकडेही न बघता चंदरसमोर गुडघे टेकून बसली, मला सोडवलं, उलटसुलट करून पाहिलं.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली. "एवढं नटवलं, आणि जोडायला जागाच ठेवली नाही."

जिथे मी सांगाड्याला टेकतो तिथलं सोनं तिने खसाखसा घासून काढलं. टिकलीएवढी जागा उघडी झाली. मला पुन्हा आवळून बसवलं आणि बटण दाबलं.

चंदर निघाला. पण सुगंधा अजून समोरच बसलेली! तो तिच्या गुडघ्याला लागला आणि थांबला. तिळगुळाचं ताट थेट तिच्यापुढे.

तिळगूळ घेऊन बटण दाबल्याशिवाय चंदर हलणार नव्हता. सुगंधा मागे सरकायला लागली तशा शेवंतीकाकू म्हणाल्या, "खंय चललंस? घे गो बाय. तो तुझ्यासाठी थांबलो मां!"

सुगंधाने तिळगूळ घेतला. जानकी धावत कुंकवाचा करंडा घेऊन आली. सुगंधाने तिचा हात हळूच धरला. "कुंकू राहू दे, जानकी. पण मी इथे बसते." आणि ती शेवंतीकाकूंच्या शेजारी जाऊन बसली. काकूंनी सरकून जागा दिली. मी बटणाची वाट पाहत होतो, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.

पुढे चंदर अनेक घरी मिरवला. मग मोटर जळली, डबा गंजला, आणि मी बराच काळ पलंगाखालच्या पेटीत पडून राहिलो. कडांचं सोनं विटलं. एक दिवस सुगंधाने मला शोधून काढलं आणि भिंतीवर आरशाखाली बसवलं. ती उघडी जागा आता पुढच्या बाजूला आली आहे. रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहते आणि कपाळाला छोटी काळी टिकली लावते. रात्री निजताना ती टिकली काढते आणि माझ्या त्या उघड्या जागेवर चिकटवून ठेवते.

मित्रांनो, वस्तूंना जपा, त्यांना रंगरूप द्या, पण जोडायची जागा झाकू नका. काशीराम दिवाळीला घर रंगवायचं म्हणतोय. ब्रश माझ्यावरही फिरेल, फिरू दे. त्याला फक्त एवढं सांगा, की टिकलीएवढी जागा सोड.