पाह्यलं तेवढंच

अक्षरा नांदेडला बी.एस्सी. करत होती आणि दर रविवारी दहाबारा जणांच्या गटासोबत एक खेळ खेळायची. त्यात प्रत्येकाला एक माणूस वाटून दिलेला असे. तीन तास तोच माणूस होऊन वागायचं, बोलायचं. पाठ केलेले संवाद नाहीत, बघायला प्रेक्षक नाहीत. दिवाळीनंतर लातूरला अशा गटांचा मेळावा होता. गट सांभाळणारा शिवम तिला म्हणाला, "या वेळी नवा खेळ तू लिही." तिने कंधारच्या किल्ल्यातल्या फितुरीवर दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. त्यातली माणसं तिलाच खरी वाटत नव्हती.

अशात शिरूर अनंतपाळहून वडिलांचा फोन आला. "तुझ्या मम्मीला कोर्टाचं समन्स आलंय. दोन दिवस झाले, नीट जेवून राहिली न्हाई. येऊन जा."

अक्षराच्या आईची, महादेवीबाईंची, मेन रोडला पिठाची गिरणी. दोन वर्षांपूर्वी गिरणीसमोर एका टेंपोने भाजीवाल्या पंढरीची मोटरसायकल उडवली होती. त्याचा पाय कायमचा अधू झाला. त्या खटल्यात महादेवीबाई साक्षीदार होत्या, आणि कोर्टाची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या.

"आपण इथंच कोर्ट भरवू," अक्षरा म्हणाली.

दुपारी लाईट गेलेली, गिरणी बंद. मल्लेशअप्पा, तिचे वडील, ज्वारीच्या पोत्यावर जज होऊन बसले. शेजारचे निवृत्त तलाठी चंद्रप्पा टेंपोवाल्याचे वकील झाले.

"बाई, काय झालं त्या दिवशी?"

"टेंपोवाला पिऊन होता. त्यानं पंढरीला जोरात धडक दिली."

"त्याच्या तोंडाचा वास तुम्ही घेतला?"

"न्हाई. लोक म्हणत होते."

"लोकांचं राहू द्या. धडक बसली तवा तुमचे डोळे कुठं होते?"

दोन वर्षं महादेवीबाई गिऱ्हाइकांना ही हकीकत सांगत आल्या होत्या, आणि दर वेळी तीत धडक होतीच. त्या हळूच म्हणाल्या, "डब्यात पीठ भरून राहिले होते. आवाज आला तशी मान वर केली. पंढरी खाली पडलेला. टेंपो रस्त्याच्या उलट्या बाजूला, आमच्या पायरीला लागून. धडक मी पाह्यली न्हाई."

मल्लेशअप्पा जजपण विसरले. "असं बोललीस तर पंढरीचं नुकसान होईल."

"जे पाह्यलं न्हाई ते शपथ घेऊन कसं सांगू?" महादेवीबाई म्हणाल्या. "टेंपो उलट्या बाजूला होता, ते मात्र कुणी बी विचारू दे, बदलणार न्हाई."

चंद्रप्पांनी तासभर घोळवून घोळवून विचारलं. त्या हलल्या नाहीत. अक्षरा आईकडे बघतच राहिली. मग तिने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि पाठीमागे लिहायला घेतलं. एक अपघात, वीस माणसं. प्रत्येकाने त्यातला एकच तुकडा स्वतः पाहिलेला, बाकी सगळं ऐकीव. ऐकीव सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. संध्याकाळपर्यंत पाठकोऱ्या आठ पानांवर तिचा खेळ उभा राहिला.

निलंग्याच्या कोर्टात टेंपोवाल्याच्या खऱ्या वकिलाने तोच प्रश्न तीनदा फिरवून विचारला. महादेवीबाईंनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं. बाहेर पंढरी कुबडी टेकत जवळ आला. "अक्का, सरकारी वकील म्हणाले, या बाईला कुणी खोटं पाडू शकणार न्हाई."

निकाल लागायचा होता, पण लातूरचा मेळावा त्याआधीच आला. खेळ अडीच तास चालला. संपल्यावरही अनोळखी पोरं चहा हातात घेऊन भांडत होती, कोणी काय खरंच पाहिलं यावर. शिवमने सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कुठून?"

अक्षराने, समारोपाला मल्लेशअप्पांसोबत येऊन मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे हात केला. सगळा हॉल वळून टाळ्या वाजवायला लागला. महादेवीबाई पदर सावरत उठून उभ्या राहिल्या.

गर्दी पांगल्यावर अक्षराने खेळाची छापील वही त्यांच्या हातात ठेवली. पहिल्या पानावर होतं, 'मूळ कल्पना : महादेवी मल्लेश बिराजदार.' त्यांनी ते दोनदा वाचलं आणि वही नवऱ्याकडे दिली.

"मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या.