तळ्याच्या भेगांचा फोटो

शहादेव पाटोद्यात लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव अडकलेला डोंगरात नाहीतर वाळवंटात. लग्नसराई उरकली की नबी मेकॅनिकला मागं बसवायचा अन् मोटारसायकल काढायचा. एका साली जैसलमेर, एका साली पार हिमालयात, स्पितीला. नबी बरोबर असायचा गाडी दुरुस्त करायला, आणि त्याहून जास्त शिव्या द्यायला.

"वाळू बघायला एवढ्या लांब आलो बे?" जैसलमेरला तो कावला होता. "आपल्या बिंदुसरा नदीत वाळू न्हाई का? तिथं तर लोकं रोज ट्रक भरून नेतेत."

"उजेड बघ, नब्या. वाळूवरचा उजेड."

"उजेड माझ्या गॅरेजात बी पडतो. तिथं कुनी कॅमेरा घेऊन येत न्हाई."

शहादेवचा एकच नेम होता. फ्रेममधी माणूस, जनावर, विजेचा खांब, काही म्हणता काही येता कामा नये. स्पितीत एक मेंढपाळ समोरून हलेपर्यंत तो अर्धा दिवस दगडावर बसून राहिला. मेंढपाळाला वाटलं, पाहुण्याला चहा पाहिजे. त्यानं चहा आणून दिला, अन् शेजारीच बसला. फोटो राहिला तो राहिलाच.

मग दुष्काळ आला. त्याच्या घरामागचं, गावचं तळं आटलं. दूध सोसायटीचे कॅन रिकामे वाजायला लागले. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव जनावरांच्या चारा छावणीसाठी बीडच्या चकरा मारू लागले. त्या भागात छावणी एकच मिळणार होती, मागणारी गावं दोन. मिळाली तर गोठे टिकणार, न्हाई तर दावणी मोकळ्या. शहादेवच्या दावणीला एकच गाय होती, हरणी. ती सत्यभामाची, म्हणजे त्याच्या बायकोची, लाडकी. तिनं ती कालवडीपासून वाढवलेली.

"शहादेवा," सुंदरराव म्हणाले, "छावणी देनाऱ्या साहेबानं दुष्काळाचे फोटो मागितलेत. तू जगभर फिरलेला मानूस. असा काढ, साहेब बघतच राहिला पायजे."

"आपल्या हरणीचा काढा," सत्यभामा म्हणाली. "बरगड्या दिसत्याल असा. उनात उभी करते मी तिला."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं," शहादेव म्हणाला.

तो पहाटेच तळ्यावर गेला. तळाची माती तडकून तिची नक्षी झालेली, मागं बालाघाटाचा उघडा डोंगर. सुंदररावांनी काठावरचं मेलेलं रेडकू आधीच उचलायला लावलं होतं. साहेबासमोर गावाची इज्जत जायला नको म्हणून. शहादेवला बरंच वाटलं. सूर्य वर आला, भेगांच्या कडा सोन्यासारख्या पेटल्या, आणि त्यानं बटण दाबलं. जैसलमेरला जे गावलं न्हाई ते घरामागं गावलं होतं.

बीडच्या कचेरीत दोघं टेबलासमोर उभे राहिले. साहेबानं फोटो हातात घेतला, चष्मा वर केला.

"वा! राजस्थान का?"

"न्हाई साहेब, आमचं गाव," सुंदरराव घाईनं म्हणाले. "पाण्याचा थेंब न्हाई..."

"काय सुंदर हो! ही सावली कशी मिळवलीत?"

इथं शहादेवनं तोंड बंद ठेवायला पाहिजे होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सावलीबद्दल विचारलं होतं. त्यानं कॅमेरा किती खाली धरला ते सांगितलं, लेन्स सांगितली, तळ्यावर किती गारठा होता ते सांगितलं. सुंदररावांनी त्याला कोपरानं ढोसलं. हा आपला स्पितीला पोचला होता. साहेब मान डोलवत होते, स्वतःच्या महाबळेश्वरच्या ट्रिपबद्दल सांगत होते. चहा आला. चहा झाला. साहेबांची मीटिंगची वेळ झाली.

"तुमच्याकडं पर्यटनाला लई वाव आहे," उठता उठता साहेब म्हणाले.

दारात शेजारच्या गावचा एक माणूस मोबाइल पुढं करून उभा होता. त्याचा फोटो हललेला, अर्ध्या काचेवर त्याचंच बोट आलेलं. बोटामागं एक बैल आडवा पडलेला. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण थांबले. "अरेरे," म्हणाले.

छावणी त्या गावाला मिळाली. ती त्या गावच्याच जनावरांनी गच्च भरली, बाहेरच्या जनावराला तिथं जागाच उरली न्हाई.

सत्यभामा भांडली न्हाई. तिनं पालीला भावाला निरोप धाडला. धरणाखाली त्याच्याकडं अजून हिरवं होतं थोडं. नबी टेम्पो घेऊन आला. हरणीला फळीवरून चढवताना तिचे पाय थरथरत होते. तिघांनी मिळून तिला मागून रेटलं. ढकलताना बरगड्या शहादेवच्या हाताला लागल्या.

"मी बी येऊ का?" त्यानं विचारलं.

"दादा म्हनला, गाय आन् तू, तेवढंच निभल." ती हरणीशेजारी कडब्यावर बसली. "तुमी तिथं काय करनार? त्याच्याकडं हिरवंगार हाय. तुमाला न्हाई आवडायचं."

नबीनं इंजिन चालू केलं.

तेवढ्यात सुंदररावांचा फोन आला. साहेबांना तो फोटो केबिनमधी लावायचाय, मोठा करून, काचेची फ्रेम घालून, उद्याच पायजे. "न्हाई म्हनू नगंस बाबा. पुढल्या साली परत त्याच्याच दारात जायचंय."

"बरं," शहादेव म्हणाला अन् फोन ठेवला.

"चेअरमनचा का?" सत्यभामानं वरून विचारलं. "काय म्हनतेत? छावणीचं परत काय जमलं का?"

"बघू म्हनतेत," शहादेवच्या तोंडून गेलं.

ती कडब्यावरून अर्धी उठली. "मग थांबू का आजच्या दिस?"

नबीनं इंजिन बंद केलं. दोघंही त्याच्याकडं बघायला लागले.

"नगं," शहादेव म्हणाला. "तू जा."