काचेमागची ठमी

दादाने कॉम्प्युटरला 'डबा' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं.

माझा हा मोठा भाऊ अधूनमधून येतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो, घरातलं काय काय टाकून द्यायला झालंय ते सांगतो आणि जातो. मागच्या खेपेला आरसा होता, त्याआधी आप्पांची लोखंडी खाट. या वेळी कॉम्प्युटरचा नंबर लागला.

"हा डबा अजून कशाला ठेवलायस? जागा अडवून बसलाय नुसता."

"बसलेला नाही तो. काम करतोय."

"कसलं काम?"

सांगितलं. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, विसरण्याचा आजार जडला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, यावर औषध नाही, सांभाळून घ्या. घेतेच आहे. पण नुसतं सांभाळत बसणं माझ्या रक्तात नाही. माझ्या वाट्याला जो जाईल त्याच्याशी मी दोन हात करणारच, मग तो रोग का असेना! पुढे मला कळलं की एक संशोधन संस्था याच रोगावर भली मोठी गणितं मांडते, त्यांचे तुकडे करते आणि ज्यांची तयारी असेल त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरला सोडवायला देते. मेंदूतली प्रथिनं नीट घडी न पडता चुरगळून कशी साचतात, त्याची गणितं. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवत आणि उसवत आले. एक घडी चुकली की पुढचं सगळं कसं बिघडतं, हे मला कोणी शिकवायला नको. त्याच दिवशी नाव नोंदवलं.

"आणि सोडवली किती गणितं या पठ्ठ्याने?" दादाने विचारलं.

इथेच तर घोडं अडलं होतं. प्रत्येक तुकड्याला मुदत असते, आणि आमचा एकही तुकडा मुदतीत पोचला नव्हता. दर वेळी साइटवर लाल अक्षरांत तेच: मुदत संपली.

दादा हसला. हसला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. "रविवारी गाडी घेऊन येतो. भंगारवाला ओळखीचा आहे."

"आत्ता जे काम चालू आहे त्याची मुदत रविवारी दुपारपर्यंत आहे," मी म्हटलं. "ते पोचलं तर या मशीनबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाहीस."

"आणि नाही पोचलं तर?"

"तर ने उचलून."

बोलून गेले खरी. आप्पा तेव्हा नेहमीसारखे कॉम्प्युटरसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. ते मान वळवून मला म्हणाले, "शिंपीणबाई, पाहुण्यांना चहा द्या ना."

मी शिंपीणबाई. वर्षभर झालं. घरात कोणीतरी कामसू बाई शिवणाचं मशीन घेऊन राहते, एवढंच आप्पांना माहीत आहे. वागतात अगदी सौजन्याने, अहोजाहो करतात. पहिल्यांदा त्यांनी 'तुम्ही' म्हटलं, तेव्हा मोरीत जाऊन नळ सोडून रडले होते. आता सवय झाली, असं लोकांना सांगते. सवय वगैरे काही होत नाही.

दादा गेला आणि मी पदर खोचला.

संस्थेच्या साइटवर मदत मागायची एक जागा आहे. तिथल्या मदतनीसाच्या नावापुढे घुबडाचं चित्र असतं, म्हणून मी त्याला घुबडच म्हणते. घुबडाने माझ्या मशीनचा तपशील वाचून लिहिलं, "प्रोसेसर फारच जुना आहे. नवीन घेण्याचा विचार करावा."

मी लिहिलं, "तो विचार तुम्हाला विचारण्याआधीच करून सोडून दिला आहे. हा कसा चालवायचा ते सांगा."

उत्तर आलं, "बरं. आधी धूळ काढा."

त्या क्षणी मला घुबड आवडलं. मी मशीन उघडलं. आत एवढा केर निघाला की उशी भरली असती. पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता. त्या आवाजाने आप्पांची झोप मोडायची, म्हणून रात्री मी कॉम्प्युटर बंदच ठेवायचे. पंख्याच्या दांड्याला शिवणाच्या मशीनचं तेल लावलं, एकच थेंब. घरघर थांबली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले, ही घुबडाची युक्ती. बंद केलं की घड्याळ दर वेळी कुठल्या तरी जुन्या सालात जायचं, तिथला बटणाएवढा सेल बदलला. 'कोणी कॉम्प्युटर वापरत असलं तरी काम चालू ठेव' अशी खूणही करून टाकली. आता बघू कसं पोचत नाही ते!

तरी गाडं पुढे सरकेना.

गंमत म्हणजे मी बघायला जावं तेव्हा काम चालू असायचं. शिवणाचं मशीन खिडकीशी, कॉम्प्युटर मागच्या भिंतीला, त्यामुळे दिवसभर माझी त्याच्याकडे पाठ. उठावं, माउस हलवावा, तर आकडे व्यवस्थित पुढे सरकतायत. समाधानाने परत येऊन बसावं, तासाने पुन्हा जावं, तर आकडा होता तिथेच, आणि मी बघतेय म्हटल्यावर परत सुरू. मालकीण वळली की सुई उचलणारी एक कामचुकार पोरगी माझ्याकडे होती, हुबेहूब तिच्यासारखं!

घुबड म्हणालं, "प्रोग्राम काय करतो त्याची तो स्वतःच नोंद ठेवतो. ती वाचा."

वाचली. 'काम थांबवलं. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात आहे.' ओळीच्या ओळी तशाच. दुसऱ्या कुठल्या कामात? मी तर हातही लावत नव्हते. आणि मग लक्षात आलं की मी पाठ करून बसते तेव्हा तिथे एक माणूस असतोच.

आप्पा! कळा दाबून काहीतरी चालू करत असणार. लिफ्टचे मेकॅनिक होते ते, बटण दिसलं की दाबून बघायची जन्माची सवय. मी कात्री हातात धरून कापड कापायचं सोंग केलं आणि आरशातून त्यांच्यावर नजर ठेवली. हो, दादाला टाकायचा होता त्याच आरशातून.

आप्पांचे हात मांडीवर होते. ते कशालाही शिवले नाहीत. ते नुसते मासे बघत होते.

मासे त्यांनीच घातले होते. निवृत्त झाल्यावर हा कॉम्प्युटर घेतला तेव्हा हौसेने बसवले. जरा वेळ माउस हलला नाही की पडद्यावर आपोआप निळं पाणी येतं, बुडबुडे येतात आणि मासे पोहायला लागतात. मिशावाला तो फौजदार. पट्ट्यापट्ट्यांचा तो वॉर्डबॉय. आणि एक गोल, बुटकी, केशरी मासोळी. ती ठमी.

ठमी म्हणजे मी. लहानपणी मी अशीच होते, गोल नि बुटकी, आणि आप्पा सोडून कोणी मला ठमी म्हटलेलं मला खपायचं नाही. मी त्यांच्या डोक्यातून कधीच पुसली गेले. ठमी मात्र रोज त्यांना भेटते. "बाई, आमची ठमी बघा, कशी वळली," ते मला कौतुकाने दाखवतात, आणि मी उठून बघते.

तर कामचुकार पोरगी ही होती. जुन्या प्रोसेसरला माशांचं चित्र हलवतानाच घाम फुटायचा, आणि माझी खूण होती फक्त माणसाने कळा-माउस वापरण्यापुरती; मशीनचं स्वतःचंच 'दुसरं काम' जोरात चालू दिसलं की आमचा शहाणा प्रोग्राम आदबीने बाजूला व्हायचा. मी माउस हलवला की मासे गायब, मशीन मोकळं, काम सुरू.

घुबडाला कळवलं. त्याने हसणारं तोंड पाठवलं आणि लिहिलं, "मासे बंद करा. मग प्रोग्राम शुक्रवार आणि शनिवार दोन्ही रात्री आणि शनिवारचा अख्खा दिवस चालला तर रविवारी दुपारी जेमतेम पोचेल."

आधी दोन्ही एकदम चालवून पाहिलं, तसं करायचीही एक वेगळी खूण होती. मासे अडखळायला लागले. "हिला बरं नाही वाटतं," आप्पा काळजीने म्हणाले. मग शुक्रवारी संध्याकाळी मी मासे बंद केले. पंखा आता मुका होता, मशीन रात्रभर चाललं. शनिवारी सकाळी आकडा बघून मला नाचावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या रोगाला मी चार पावलं मागे सारलं, असं वाटलं. दादाचं तोंड कसं होईल, तेही डोळ्यांपुढे आणून झालं.

आप्पा काळ्या पडद्यासमोर बसले. उठले. परत बसले. मग खाटेखाली वाकून पाहिलं. मोरीत जाऊन बादली पाहिली. मी सांगितलं, मासे आराम करतायत. त्यांनी मान हलवली. दुपारी मी काज करत होते, तर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पायात बूट, उजवा डावीकडे.

"बाई, आमची ठमी दिसली का तुम्हाला? लहान आहे हो. कोणी हाक मारली तर जाईल त्याच्याबरोबर."

"कुठे निघालात?"

"शोधायला."

मी सुई खाली ठेवली. "आप्पा, मीच ठमी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, चष्मा, गळ्यात मापाची पट्टी. "तुम्ही चांगल्या आहात," ते म्हणाले, "पण अशा वेळी थट्टा करू नये." आणि दाराची कडी काढायला लागले. पण ती कुठल्या बाजूला सरकवायची ते त्यांना आठवेना.

पडद्यावर काम धावत होतं. आणखी एक दिवस, बस, एक दिवस! त्यांना दारापाशी धरून ठेवता आलं असतं, कुलूप लावता आलं असतं. माझ्या मनात तेही येऊन गेलं. पण मी भांडत होते कोणासाठी? या माणसासाठीच ना? मग त्यालाच रडवून जिंकायचं, तर तो रोग बरा नि मी वाईट.

मी मासे चालू केले. निळं पाणी आलं, बुडबुडे आले आणि कोपऱ्यातून गोल केशरी बया डुलत बाहेर आली.

"ही बघा, सापडली."

आप्पा बुटांसकट खुर्चीत बसले. काचेवर बोट ठेवून ठमीला दटावलं, "सांगून जात जा गं."

"हो आप्पा," मी म्हटलं. कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

रविवारी दुपारी मुदत टळली. काम थोडंसंच उरलं होतं. दादा दोऱ्या घेऊन आला.

"पोचलं?"

"नाही. हरले."

"मग?"

"मग काही नाही. मशीन जाणार नाही."

"अगं, शब्द दिला होतास तू!"

"दिला होता. आता मोडते. काय करशील?"

दादा माझाच भाऊ, त्यालाही तिरमिरी येते. तो सरळ टेबलाखाली शिरला आणि प्लगला हात घातला. मी त्याची कॉलर धरणार, तेवढ्यात आप्पा खुर्चीतून पुढे वाकले.

"साहेब, जरा जपून हं. आत आमची मुलगी आहे."

दादा तसाच ओणवा. "कोण मुलगी, आप्पा?"

"ठमी. ती बघा, केशरी." मग समजावल्यासारखं म्हणाले, "मोठा मुलगा आहे ना, तो कामावर असतो. घरात ही एकटीच असते."

दादा टेबलाखालून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नजर हटवली नाही. मलाही रडू येत होतं, पण त्याला त्या दिवशी सुटका द्यायची नव्हती.

"घट्ट खोच तो प्लग," मी म्हटलं. "सैल राहिला तर काम तुटतं."

त्याने खोचला. मग टेबलाखालून बाहेर येऊन आप्पांनी कालपासून मला काढू न दिलेले बूट काढले, उजवा, मग डावा, आणि त्यांच्या पायाशीच बसला. 'साहेब' म्हणून दोन वेळा चहा प्यायला.

ते काम त्याच रात्री पुरं होऊन पोचलं. सोमवारी सकाळी साइटवर लाल अक्षरं: उशिरा मिळालं, धरलं जाणार नाही. नका धरू! मी तिथल्या तिथे पुढचं काम मागितलं. आता मशीनला दोन पाळ्या आहेत. दिवसपाळी माशांची. रात्रपाळी माझी.

दिवेलागणीला मी पडदा बंद करायला उठते, तेव्हा आप्पा विचारतात, "बाई, ठमी?"

"झोपली, आप्पा. सकाळी येईल."

"पांघरूण घातलंत ना?"

"घातलं," मी म्हणते. मासे बंद करते आणि मशीनला सांगते, आता लाग त्या रोगाच्या मागे.