मी पुसलेलं पेव

मित्रांनो, माझं एक बिजागर सैल झालंय आणि पंखा म्हशीसारखा फुरफुरतो, यावरून ओळखा की मी एक जुना लॅपटॉप आहे. पण अजून कामावर आहे. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते शोधायचं, हे माझं काम.

सांगलीत उत्कर्षाताई मला चालवतात. त्यांचा ड्रोन जमिनीवरून उडताना रडारच्या लहरी खाली सोडतो. गाडलेल्या वस्तूंवर आपटून त्या परततात आणि तो सगळा गोंधळ माझ्याकडे येतो. मी आधी जमिनीचा स्वतःचा प्रतिध्वनी वजा करतो, मग बारीकसारीक किरकिर पुसतो. उरलेल्या चित्रात कमानीसारखी रेघ दिसली, की खाली काहीतरी आहे. पाइप असेल की रांजण? मला भारी उत्सुकता असते.

गेल्या वर्षी नदीकाठच्या एका गावात अंगणवाडी बांधायची होती. तिथं पूर्वी हळद साठवायची पेवं होती, म्हणजे अरुंद तोंडाचे वीस-पंचवीस फूट खोल खड्डे. कागदावर सगळी बुजवलेली. ताईंनी खात्रीसाठी ड्रोन उडवला. माती ओली होती, लहरी दमून परतल्या. ताईंनी पुसट खुणा काढून टाकायला सांगितल्या आणि मी उत्साहानं पुसून टाकल्या. चित्र लख्ख झालं. मी फुशारलो. जागा सुरक्षित, असा अहवाल गेला.

चार दिवसांनी नाथाजीआबा ऑफिसात आले. त्यांचं आयुष्य पेवांत उतरण्यात गेलं होतं आणि त्यांची नात माया त्याच अंगणवाडीत जाणार होती.

"ताई, चिंचंखाली एक पेव ऱ्हायलंय. मी सोता उतरलोय त्यात."

"आबा, चित्रात तर काहीच नाही हो."

"हळद निवडून झाली की टाकलेला ढीगबी आमी परत चाळतो. तुमी काय टाकलंसा, त्ये दावा की."

ताईंनी पुसण्याआधीच्या मूळ नोंदी उघडल्या. चिंचेपाशी एक पुसट कमान होती. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी खणलं. हातभर मातीखाली दगडी झाकण निघालं. ते सरकवून आबांनी पेटता कंदील दोरीनं आत सोडला. हवा तपासायची ही पेवकऱ्यांची रीत. पाच हातांवर कंदील विझला. आत श्वास घ्यावा अशी हवाच नव्हती.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात द्या, पण मूळ नोंदी जपा. आणि जमीन हातांनी ओळखणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय अहवालावर सही करू नका. त्या झाकणावर मुलांचा झोपाळा बसणार होता.